कापेनगुरियाचा धाकटा वकील

चिमठाण्याची लूट आमच्याकडे खानदेशात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ अडवला गेला आणि साडेपाच लाखांची रक्कम साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कामी लागली. धुळ्याचं देवपूर मागे टाकून उत्तरेला निघालं की सोनगीर येतं, तिथून दोंडाईच्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर हे ठिकाण. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, आपल्या खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील ही नावं त्यासोबत येतातच. एक गोष्ट मात्र सांगणारे बहुधा गाळतात. लाडांचं कुंडल गाव ब्रिटिशांच्या थेट अमलाखाली नव्हतं, ते औंध संस्थानात होतं. साताऱ्याकडचं हे चिमुकलं संस्थान 72 गावांचं, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं.

त्या औंधच्या राजाचा मुलगा चिमठाण्यानंतर चारच वर्षांनी नैरोबीला गेला. ज्या गोवेकर वकिलाबद्दल मला लिहायचं आहे, त्याच्या गोष्टीत शिरायला मराठी वाचकाला हा रस्ता जवळचा. औंधशी खानदेशचं नातं चिमठाण्याच्या धुळीतून आलं आहे आणि औंधवरून केनिया फारसा लांब नाही.

आप्पासाहेब पंत म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. वडिलांना लोक सूर्यनमस्कारांमुळे आणि औंधच्या चित्रसंग्रहालयामुळे ओळखतात. त्यांचं मोठं काम मात्र वेगळंच. 1938 साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने औंधची घटना तयार झाली. सगळा भर ग्रामपंचायतीवर. इंग्लंडात शिकून बॅरिस्टर होऊन आलेले आप्पासाहेब या उद्योगात वडिलांच्या बरोबर होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात कैद्यांची उघडी वसाहतही याच संस्थानाने वसवली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ ज्यावरून सुचला, ती हीच. एवढ्याशा संस्थानाने राज्यकारभाराचे किती प्रयोग केले, याचं मला नेहमी नवल वाटतं. मोठ्या संस्थानांनी त्याच काळात वाघ मारले.

1948 साली औंध विलीन झालं. त्याच वर्षी नेहरूंनी आप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून धाडलं. मुक्काम नैरोबी. नेहरू परदेशातल्या भारतीयांना त्या काळात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. ज्या देशात राहता तिथल्या मूळ माणसांचा हक्क आधी, तुमचा नंतर. नैरोबीतल्या भारतीय दुकानदारांना हा उपदेश गोड लागला असेल असं नाही. पंतांनी तो मनावर घेतला. आफ्रिकी पुढाऱ्यांना त्यांच्या घराचं दार उघडं होतं, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळू लागल्या आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या वर्तमानपत्रांना हा मराठी राजपुत्र डोळ्यांत सलू लागला. 1954 साली ते तिथून हलले. हलवण्यामागे ब्रिटिशांचा दबाव होता, हे काही गुपित राहिलं नाही.

पण राजदूताला मर्यादा असतात. त्याला काळा कोट घालून कोर्टात उभं राहता येत नाही. ते काम दुसऱ्यांनी केलं. त्यांतला वयाने सगळ्यात कोवळ्यांपैकी एक म्हणजे फिट्झ रेमेडिओस सांताना डिसोझा.

जन्म 1929, मुंबईचा. कुटुंब मूळ गोव्याचं. पोरवयातच ते पूर्व आफ्रिकेत गेले, आधी झांझिबार, मग केनियातलं मागाडी. मागाडी हे सोड्याच्या खारट तळ्याकाठचं, रखरखीत खाणीचं गाव. तिथून पुढे लंडन आणि वकिलीची सनद.

त्या काळच्या केनियात गोवेकर माणूस नेमका कुठे बसायचा, हे समजून घेतलं पाहिजे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे 1896 ते 1901 या काळात बांधली गेली. तिच्यासाठी सुमारे 32 हजार मजूर मुख्यतः पंजाबातून करारावर नेले होते. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. रेल्वेमागोमाग गुजराती दुकानदार पोचले, शीख सुतार-मिस्त्री पोचले आणि गोवेकर आले ते कारकून, शिंपी, आचारी म्हणून. सरकारी कचेऱ्यांतल्या टेबलांमागे गोवेकर दिसायचेच. पोर्तुगालचे प्रजाजन म्हणून सरकारी मोजणीत त्यांचा रकाना भारतीयांपासून वेगळा असे आणि पुष्कळांना तो तसाच हवा होता. स्वतःचे क्लब, स्वतःचे जिमखाने. त्यातही कारकुनांचा क्लब निराळा आणि शिंप्यांचा निराळा. आपण जाती घरी ठेवून बोटीत चढतो, असं कुणाला वाटत असेल तर त्याने नैरोबीच्या गोवेकर क्लबांचा इतिहास वाचावा.

वरच्या पायरीवर गोरे. थंड हवेची उत्तम जमीन कायद्याने त्यांच्यासाठी राखलेली. तिला नावच ‘गोरे डोंगर’ असं पडलं होतं. सगळ्यात खाली आफ्रिकी. प्रौढ आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा परवाना पत्र्याच्या डबीत घालून बाळगावा लागे, बहुतेक जण तो गळ्यात अडकवत. मधल्या पायरीवर भारतीय आणि गोवेकर. मधली पायरी मोठी सोयीची असते. वरच्याने हिणवलं तरी खालचा असतोच. त्या पायरीवरून खाली उतरून उभं राहणारे थोडे निघाले. पण निघाले.

त्यांत फिट्झ यांच्या आधी पियो गामा पिंटो यांचं नाव घ्यायला हवं. नैरोबीत जन्मलेला हा गोवेकर शिकायला भारतात आला, धारवाडच्या कॉलेजात होता, गोव्यात पोर्तुगीजांविरुद्धच्या चळवळीत पडला आणि अटक टाळण्यासाठी 1949 मध्ये केनियात परतला. तिथे वर्तमानपत्र, कामगार संघटना, तिथल्या भारतीयांच्या काँग्रेसची कचेरी, नैरोबीच्या देसाई मेमोरियल हॉलमधल्या सभा यांत तो बुडून गेला. दुसरे जोसेफ मुरुंबी. वडील गोवेकर, आई मसाई, शिक्षण बंगळूरला. पिंटो, मुरुंबी आणि डिसोझा या तिघांचं मूळ मांडवी-झुवारीच्या काठी जातं आणि केनियाच्या स्वातंत्र्याच्या कहाणीत तिघांचीही नावं आहेत. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र एकही नाही.

फिट्झ बॅरिस्टर होऊन 1952 साली केनियात आले. वय तेवीस. त्याच वर्षी, 20 ऑक्टोबरला, गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग यांनी आणीबाणीच्या हुकमावर सही केली. किकुयू लोकांमध्ये जमिनीच्या प्रश्नावरून शपथा घेऊन बांधली गेलेली एक गुप्त संघटना होती, तिला सरकार ‘माऊ माऊ’ म्हणे. तिचा सूत्रधार म्हणून केनिया आफ्रिकन युनियनचे अध्यक्ष जोमो केन्याटा यांना त्याच रात्री उचललं. त्यांच्यासोबत आणखी पाच जणांवर खटला भरला : बिल्डाद काग्गिया, कुंगू करुंबा, फ्रेड कुबाई, पॉल न्गेई, अचिएंग ओनेको.

खटला नैरोबीत चालवायचा नाही, हे सरकारने आधीच ठरवलं होतं. गर्दी नको, पत्रकार नकोत. म्हणून जागा निवडली कापेनगुरिया. नैरोबीपासून चारशे किलोमीटरवर, वायव्येच्या टोकाला, बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय बंद असलेल्या मुलखात. रेल्वे नाही, हॉटेल नाही, कायद्याचं ग्रंथालय नाही. शाळेची खोली झाडून तिचं कोर्ट केलं. न्यायाधीशही खास आणला : निवृत्त झालेले रॅन्सली थॅकर. ज्युरी नव्हतीच. या थॅकरसाहेबांना सरकारच्या आणीबाणी निधीतून 20 हजार पौंड दिले गेले, ही गोष्ट जगाला फार उशिरा कळली. निकाल दिल्यावर केनियात राहणं आपल्याला धोक्याचं होईल, तेव्हा पुढची सोय व्हावी, असं त्यामागचं कारण. आरोपी निर्दोष सुटले असते तर हा धोका कसला असता, एवढाच प्रश्न उरतो.

बचावासाठी वकील गोळा करण्याच्या कामात मुरुंबी आणि पिंटो पुढे होते. लंडनहून आले डी. एन. प्रिट. हो ची मिन्ह यांची बाजू लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे ज्यांनी लढवली, तेच हे नामांकित वकील. नेहरूंनी खासदार दिवाण चमनलाल यांना पाठवलं. नायजेरियाचे एच. ओ. डेव्हिस आले. जमैकाचे डडली थॉम्पसन शेजारच्या टांगानिकात वकिली करत होते, तेही दाखल झाले. नैरोबीतून अछ्रू कपिला, जसवंत सिंग आणि फिट्झ डिसोझा. एका टेबलाभोवती इंग्रज, पंजाबी, नायजेरियन, जमैकन, गोवेकर. त्या देशात रंगानुसार खाणावळीसुद्धा वेगळ्या होत्या, तिथे हे दृश्य आरोपपत्रापेक्षा जास्त प्रक्षोभक वाटलं असणार.

राहायचं कुठे, हा पहिलाच प्रश्न. कापेनगुरियात सोय नाही म्हणून मंडळी किटाले गावात उतरायची. पस्तीस-चाळीस किलोमीटरचा कच्चा रस्ता, रोज सकाळी जायचं आणि संध्याकाळी परतायचं. किटालेचं हॉटेल गोऱ्यांचं, त्यामुळे सगळ्या चमूला एका छपराखाली राहता येईना, एका टेबलावर जेवता येईना. आमच्या धुळ्यातही बाबासाहेब आंबेडकर 1937 साली एका खटल्यासाठी आले तेव्हा त्यांचा मुक्काम गावाबाहेर लळिंगच्या बंगल्यात होता, आणि आजही दर वर्षी लोक तिथे जमतात. परगावच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाचा मुक्काम कुठे होता, हे मुद्दाम विचारत जावं. त्या गावाबद्दल निकालपत्रापेक्षा ते जास्त सांगतं.

धाकट्या वकिलाचं काम नाट्यमय नसतं. मोठ्या वकिलाची उलटतपासणी वर्तमानपत्रात येते. धाकटा टिपणं काढतो, साक्षीदार शोधतो, त्याला परवाना मिळवून देतो, नैरोबीहून पुस्तकं आणवतो, रात्री कंदिलाच्या उजेडात दुसऱ्या दिवसाचे प्रश्न लावतो. स्थानिक कायदा प्रिट यांना नवा आणि आणीबाणीचे नवे नवे हुकूम तर सगळ्यांनाच नवे. अशा वेळी नैरोबीच्या वकिलांशिवाय लंडनच्या पंडिताचं चालत नाही.

सुनावणी डिसेंबर 1952 च्या सुरुवातीला सुरू झाली. पहिलीच खणाखणी दुभाष्यावरून. किकुयू साक्षी इंग्रजीत सांगायला सरकारने लुई लीकी यांना बसवलं होतं. आदिमानवाच्या हाडांचा शोध घेणारे जगप्रसिद्ध लीकी हेच. ते किकुयूंमध्येच लहानाचे मोठे झाले होते, भाषा घरची होती; पण माऊ माऊविरुद्ध त्यांनी उघड लिहिलं होतं. ज्याने पुस्तकात आधीच निकाल दिला आहे, तो साक्षीदाराचे शब्द सरळ पोचवेल कशावरून, अशी हरकत बचावपक्षाने घेतली. शेवटी लीकी उठून गेले. प्रिट यांनी लंडनमधल्या खासदारांना तार केली की इथल्या अडचणी पाहता हे न्याय नाकारण्यासारखंच आहे. थॅकरना राग आला, प्रिट यांच्यावरच कोर्टाच्या बेअदबीचा खटला झाला आणि वरच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. एवढा वेळ कापेनगुरियातलं कामकाज लोंबकळत राहिलं.

सरकारपक्षाची भिस्त ज्याच्यावर होती तो साक्षीदार म्हणजे रॉसन मचारिया. मार्च 1950 मध्ये केन्याटांनी आपल्यादेखत माऊ माऊची शपथ दिली, असं त्याने सांगितलं. यात गंमत अशी की माऊ माऊवर बंदी आली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. जी संघटना मार्चमध्ये बेकायदा नव्हती, तिची मार्चमधली शपथ ऑगस्टमधल्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून आली. बचावपक्षाने मचारियाला खोटं पाडायला दहा साक्षीदार उभे केले. थॅकर यांनी निकालात स्वच्छच लिहिलं की या दहांवर मी विश्वास ठेवत नाही आणि त्या एकावर ठेवतो. 8 एप्रिल 1953 रोजी सहाही जणांना शिक्षा झाली. केन्याटांना सात वर्षं सक्तमजुरी. ओनेको पुढे अपिलात सुटले, तरी सरकारने त्यांना सोडलं नाही, स्थानबद्ध करून ठेवलं.

1958 मध्ये मचारियाने प्रतिज्ञापत्र करून टाकलं की आपली साक्ष विकत घेतलेली होती. मोबदल्यात विलायतेत शिक्षण, विमानाचं तिकीट, परतल्यावर नोकरी. सरकारने चौकशी लावली ती साक्षीची नव्हे, प्रतिज्ञापत्राची. आणि खोटं प्रतिज्ञापत्र केलं म्हणून मचारियालाच तुरुंगात घातलं. साक्ष खोटी नसून खोटेपणाची कबुली खोटी, असा हा न्याय.

बचावपक्ष खटला हरला. माझ्या मते केनियाच्या स्थापनेचा पाया मात्र याच पराभवात आहे. केन्याटांचं म्हणणं माऊ माऊच्या जंगलातल्या लढवय्यांपेक्षा पुष्कळ मवाळ होतं. ते बाहेर राहिले असते तर दोन्ही बाजूंनी भरडले गेले असते, असं मानायला जागा आहे. शिक्षेने त्यांना सगळ्यांचं करून टाकलं. शिवाय चार महिने चाललेल्या उलटतपासणीने सरकारचं पितळ जगापुढे उघडं पडलं, ते वेगळंच. न्यायालयात पुरावा नीट नोंदवला गेला असेल तर तो वीस वर्षांनी, पन्नास वर्षांनीही बोलतो. भाषणांचं तसं नाही.

कापेनगुरियाच्या सहा जणांवर पुस्तकं निघाली. फिट्झ यांचं पुढच्या वर्षांतलं काम त्याहून अवघड आणि त्याहून बेनाव. आणीबाणीच्या खास कोर्टांत रांगेने उभ्या केलेल्या शेतकऱ्यांचे, गुराख्यांचे, रेल्वे हमालांचे खटले. मार्च 1953 मध्ये लारी इथे भयंकर हत्याकांड झालं, त्यानंतर तर आरोपी गळ्यात नंबराच्या पाट्या घालून झुंडीने कोर्टात आणले जात. माणूस मारला तर फाशी, हे जुनंच. आता शपथ दिली तरी फाशी, काडतूस सापडलं तरी फाशी, बंडखोरासोबत दिसला तरी फाशी. आणीबाणीत एकूण 1,090 जणांना फासावर चढवलं. त्यांत खुनासाठी साडेतीनशेसुद्धा नव्हते. सगळ्यात मोठा आकडा हत्यार किंवा दारूगोळा जवळ बाळगणाऱ्यांचा, 472. कुठल्याही ब्रिटिश वसाहतीत त्या शतकात एवढे फास आवळले गेले नव्हते. अशा कोर्टात वकिलाला तयारीला दिवस नव्हे, तास मिळत. अशिलाची भाषा दुभाष्यामार्फत, घरचे लोक नजरकैदेच्या छावणीत, फी नावापुरती. तरी कपिला, जसवंत सिंग, डिसोझा यांच्यासारखे वकील उभे राहत आणि काही गळे वाचतही. पिंटोंना 1954 मध्ये सरकारने उचललं आणि हिंदी महासागरातल्या मांडा बेटावर डांबलं, तिथे ते कित्येक वर्षं होते. फिट्झ यांच्या हातात सनद होती म्हणून ते बाहेर राहिले.

पुढचा भाग झपाट्याने घडला, तसाच सांगतो. 1960 च्या जानेवारीत लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये केनियाच्या घटनेवर पहिली परिषद बसली, दुसरी 1962 मध्ये, तिसरी 1963 मध्ये. पहिलीला आफ्रिकी पुढाऱ्यांचे सल्लागार म्हणून अमेरिकेहून थरगुड मार्शल आले. हेच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. त्यांनी हक्कांच्या सनदेचा मसुदा करून दिला, आणि त्यात गोऱ्या जमीनमालकाच्या हक्काचीही काळजी घेतली. केन्याटा तेव्हा उत्तरेच्या वाळवंटातच अडकलेले. 1961 च्या निवडणुकीत त्यांचा ‘कानू’ पक्ष जिंकला आणि ते सुटल्याशिवाय सरकार बनवणार नाही म्हणून अडून बसला. ऑगस्टमध्ये ते सुटले. त्यानंतर लंडनच्या वाटाघाटींत त्यांच्या बाजूला कायद्याचा सल्लागार म्हणून फिट्झ डिसोझा होते. प्रांतांना किती अधिकार, जमिनीचा व्यवहार कुणाच्या हाती, नागरिक कोणाला म्हणायचं, यांवर महिनोन्‌महिने घासाघीस. 12 डिसेंबर 1963 ला केनिया स्वतंत्र झाला. फिट्झ खासदार झाले आणि पुढे काही वर्षं संसदेचे उपसभापती. ज्या सभागृहात काही वर्षांपूर्वी गोवेकराला मधल्या रांगेत जागा मिळणं कठीण होतं, तिथे एक गोवेकर आता ‘शांत बसा’ म्हणू लागला.

नागरिकत्वाचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण फिट्झ यांच्या स्वतःच्या जमातीचं भवितव्य त्यात होतं. भारतीय आणि गोवेकरांपैकी पुष्कळांना केनियाचं नागरिकत्व आपसूक मिळालं नाही. अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती. दुकान इथे, मुलगी लंडनला, म्हातारे नवसारीला किंवा मडगावला, अशा घरांनी कागद पुढे ढकलला. मुदत संपली. मग व्यापाराचे परवाने, नोकऱ्या, सगळ्यांवर केनियाच्या नागरिकांचा पहिला हक्क आला आणि 1967-68 मध्ये विमानं भरभरून लोक ब्रिटनला निघाले. ब्रिटनने घाईघाईने कायदा करून दार अर्धं लोटून घेतलं. वकिलाने घटना लिहिण्यात हातभार लावला तरी आपल्या माणसांकडून अर्ज भरून घेणं त्याच्या हातात नसतं. या लोकांना सरसकट भित्रे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत काय घडत होतं, तेही पाहायला हवं.

24 फेब्रुवारी 1965 ला पियो गामा पिंटो यांना नैरोबीत त्यांच्याच घराच्या फाटकात गोळ्या घालून मारलं. गाडीत मागे त्यांची लहान मुलगी होती. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून. भांडण जमिनीचं होतं. गोऱ्यांचे मळे ब्रिटिश कर्जातून विकत घेऊन वाटायचे, म्हणजे ज्यांच्याकडे पैसा किंवा वशिला त्यांना ते मिळणार. जंगलात लढलेल्यांना नाही. पिंटो आणि कापेनगुरियाचे बिल्डाद काग्गिया याविरुद्ध होते. काग्गिया उपमंत्रिपदावरून आदल्याच वर्षी गेले होते. पिंटो आणि केन्याटा यांच्यात संसदेच्या आवारात जोराची खडाजंगी झाली आणि जिवाला धोका आहे असं आपण पिंटोंना सांगितलं, ही आठवण फिट्झ पुढे सांगत. पोलिसांनी किसिलू मुटुआ नावाच्या तरुणाला पकडलं, त्याला जन्मठेप झाली, तो 2001 मध्ये सुटला आणि सुटल्यावरही आपण निर्दोष असल्याचंच म्हणत राहिला. खून कुणी करवला याचा निकाल आजवर कुठल्याही कोर्टाने दिलेला नाही.

मुरुंबी 1966 मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि वर्ष संपायच्या आत पद सोडून बाजूला झाले. उरलेलं आयुष्य त्यांनी आफ्रिकी कलावस्तू आणि पुस्तकं जमवण्यात घालवलं. फिट्झही त्या दशकानंतर राजकारणातून निघून वकिलीकडे वळले. मित्राच्या खुनानंतर ते आणखी जोरात का बोलले नाहीत, असं आज कुणी विचारू शकतं. मी ते विचारणार नाही. एक गोवेकर मारला गेला होता, दुसरा बोलला असता तर तिसरा कोणी उरला नसता. शिवाय ज्या माणसाला तुरुंगापासून वाचवायला आपण तेविसाव्या वर्षी कच्च्या रस्त्याने रोज धावलो, तोच आता राष्ट्राध्यक्ष आहे आणि त्याच्याच राज्यात हे घडतं आहे, अशा अवस्थेत कसं वागायचं, याचा धडा बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या कुठल्याही ‘इन’मध्ये शिकवत नाहीत.

केन्याटा 1978 मध्ये वारले. 2013 साली ब्रिटिश सरकारने माऊ माऊच्या काळात छळ सोसलेल्या 5,228 जणांना मिळून एक कोटी नव्व्याण्णव लाख पौंड देण्याचं मान्य केलं आणि संसदेत खेद व्यक्त केला. पन्नासच्या दशकात फिट्झ आणि त्यांचे सोबती कोर्टात जे ओरडून सांगत होते आणि न्यायाधीश ज्यावर विश्वास ठेवत नव्हते, ते ब्रिटिश सरकारने साठ वर्षांनी कबूल केलं. 2017 च्या जुलैमध्ये जोमो केन्याटांचे पुत्र उहुरू केन्याटा यांच्या सरकारने केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. निवडणूक महिन्यावर होती, हे खरं. तरी किपांड्याच्या देशात हा कागद निघाला, हेही खरं.

फिट्झ डिसोझा यांनी आपल्या आठवणी नव्वदीच्या उंबरठ्यावर पुस्तकात आणल्या. ते पुस्तक 2019 मध्ये प्रसिद्ध झालं आणि मार्च 2020 मध्ये ते गेले. कापेनगुरियाच्या बचावपक्षातला हा धाकटा वकील इतरांच्या मानाने खूप जगला. म्हणून त्या शाळेच्या खोलीत काय चाललं होतं, हे त्याच्याकडून ऐकायला केनियातले संशोधक शेवटपर्यंत त्याच्या दारी जात राहिले.